ब्लूटूथवर बोललं तर चालतं का?

गिअरबॉक्स (धागाकर्ता)

गाडी चालवताना फोन कानाला लावू नये, हे आता बहुतेकांना पटलंय. पटत नाही ते पुढचं. फोन होल्डरमध्ये, आवाज गाडीच्या स्पीकरवर, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. मग हरकत काय? ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हा प्रश्न हमखास येतो. माझं उत्तर ठाम आहे: हरकत आहे, आणि हातात फोन धरण्याइतकीच आहे.

आधी अंतराचा हिशोब मांडतो. ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत लक्ष असलेल्या चालकाला साधारण एक सेकंद लागतो असं धरू. कोरडा डांबरी रस्ता, बरे टायर आणि पूर्ण दाबलेला ब्रेक असेल तर त्यापुढे २० मीटरमध्ये गाडी थांबते. एकूण ३७ मीटरच्या आत. आता ३७ मीटरवर एक पोरगं चेंडूमागे रस्त्यात आलं. लक्ष असलेला चालक त्याच्या पुढ्यात थांबतो. बोलण्यात गुंतलेल्याचा पाय अर्धा सेकंद उशिरा पडला, तर ब्रेक लागायला सुरुवातच ८.३ मीटर पुढे होते. लोकांना वाटतं, मग काय, हळूच टेकेल. तसं होत नाही. वेग उतरतो तो मुख्यतः ब्रेकच्या शेवटच्या काही मीटरांत, आणि नेमके तेच मीटर आपण गमावलेले असतात. गाडी त्या पोराला ताशी ३९ च्या वेगाने धडकते.

पडताळून बघा. ब्रेक दाबल्यावर दर सेकंदाला ७ मीटर प्रति सेकंद इतका वेग उतरतो असं धरलंय. १४ गुणिले ८.३ करा, वर्गमूळ काढा, ३.६ ने गुणा.

निरभ्र

हिशोब बरोबर आहे, पण अर्धा सेकंद जरा जास्त धरलाय. २००८ मध्ये अशा अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र करून तपासले गेले, त्यात सरासरी उशीर पाव सेकंद निघाला. फोन हातात असो वा हँड्स-फ्री, फरक जवळपास नाही. पाव सेकंद धरला तर ४.२ मीटर जातात आणि तुमच्याच सूत्राने धडकेचा वेग ताशी २७-२८ येतो. तोही लहान मुलाला झेपणारा नाही, त्यामुळे मुद्दा कायम राहतो. आकडा मात्र नेमका असावा. नाहीतर कोणीतरी तेवढं एक बोट दाखवून सगळंच नाकारतं.

शिवाय सरासरीत एक गोष्ट लपते. पाव सेकंद उशिरा दिसणं हा सौम्य प्रकार. खरा धोका अजिबात न दिसण्याचा. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि सहकाऱ्यांनी सिम्युलेटरमध्ये (जागेवरची नकली गाडी, रस्ता पडद्यावर) चालकांच्या बुबुळांची हालचाल टिपली. चालकाची नजर रस्त्याकडेच्या फलकावर पडल्याचं यंत्रात नोंदलेलं होतं. तरी नंतर तोच फलक दाखवल्यावर फोनवर बोलणाऱ्यांना तो ओळखता येण्याचं प्रमाण न बोलणाऱ्यांपेक्षा बरंच कमी होतं. डोळा तिथे होता, मेंदू नव्हता. म्हणून 'माझी नजर रस्त्यावरच असते' या युक्तिवादाला फार अर्थ उरत नाही.

हे मोजायची एक साधी पद्धत आहे. चालकाच्या नजरेच्या कडेला एक बारीक एलईडी बसवतात आणि बोटाला एक छोटं बटण बांधतात. दर ३ ते ५ सेकंदांनी दिवा लागतो, दिसला की बटण स्टिअरिंगवर दाबायचं. ०.१ ते २.५ सेकंदांत दाबलं तर दिसलं असं धरतात, नाहीतर सुटला. याला आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं १७४८८ क्रमांकाचं मानक आहे. संभाषण जसं अवघड होत जातं तसे प्रतिसाद लांबतात आणि सुटलेले दिवे वाढतात. हात मोकळेच असतात, डोळे समोरच असतात.

कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या २००८ च्या प्रयोगात तर चालकांना बोलायचंही नव्हतं. नुसती वाक्यं ऐकून खरं की खोटं ठरवायचं. तेवढ्यानेही, जागेचं आणि दिशेचं भान ठेवणाऱ्या मेंदूच्या भागातली ड्रायव्हिंगशी जोडलेली हालचाल ३७ टक्क्यांनी उतरली.

वळणवेडा

मी थोडी दुसरी बाजू मांडतो, कारण तीही मोजमापातूनच आलेली आहे. सिम्युलेटरमध्ये माणसाला सांगितलेलं असतं की आत्ता बोल. प्रत्यक्षात चालक वेळ बघून बोलतो. रस्ता मोकळा असेल तेव्हा फोन घेतो, वेग थोडा उतरवतो, पुढच्या गाडीपासून अंतर वाढवतो. व्हर्जिनिया टेकच्या संस्थेने ट्रकांच्या केबिनमध्ये कॅमेरे लावून केलेला अभ्यास २००९ मध्ये आला. त्यात हँड्स-फ्रीवर बोलणाऱ्या ट्रकचालकांचा धोका वाढलेला नव्हता, उलट कमी आढळला. रात्रीच्या लांब पल्ल्यात गप्पांमुळे डोळा लागत नाही, हे त्यामागचं एक संभाव्य कारण.

त्याच अभ्यासात मेसेज टाइप करणाऱ्यांचा धोका मात्र २३ पट होता. धोक्याच्या प्रसंगाजवळच्या सहा सेकंदांपैकी ४.६ सेकंद नजर रस्त्यावर नव्हती. ताशी ८० ने ४.६ सेकंद म्हणजे १०२ मीटर. पुढे २०१६ मध्ये साध्या गाड्यांवर असाच मोठा अभ्यास झाला. त्यात हातात फोन धरून बोलण्याचा धोका दुपटीच्या थोडा वर, फोन उचलायला हात लांबवण्याचा जवळपास पाचपट आणि नंबर लावण्याचा बारापट निघाला. म्हणजे बोलण्यापेक्षा बघणं आणि चाचपडणं कितीतरी घातक. सगळं एकाच मापाने मोजलं तर लोक सगळंच सोडून देतील. आणि शेजारी बसलेल्या माणसाशी बोलतोच की आपण. तेही बंद करायचं का?

निरभ्र

वळणवेडा, उतरंड तुम्ही अगदी योग्य लावलीत. टाइप करणं, नंबर लावणं हे सगळ्यात वर, यात वाद नाही. पण ट्रकचालकांचा निकाल शहरातल्या कारला लावू नका. रात्रीचा सरळ महामार्ग, अनुभवी चालक आणि झोपेशी झगडा ही वेगळी परिस्थिती आहे. संध्याकाळी सातला पुण्यात सिंहगड रोडवर झोप हा प्रश्न नसतो. तिथे दोन्ही बाजूंनी दुचाकी घुसत असतात, पुढे रिक्षा अचानक थांबते, दुभाजकाच्या फटीतून कोणीतरी पाऊल टाकतं.

प्रत्यक्ष अपघातांवरून काढलेला आकडाही आहे. टोरोंटोत ६९९ चालकांची फोनची बिलं आणि अपघाताच्या वेळा जुळवून पाहिल्या गेल्या, तो अभ्यास १९९७ चा. फोनवर असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट, आणि हँड्स-फ्रीने काही फायदा दिसला नाही. ऑस्ट्रेलियात पर्थला रुग्णालयात दाखल झालेल्या ४५६ चालकांवर २००५ मध्ये तसंच करून पाहिलं, तिथेही चौपटच.

शेजाऱ्याशी बोलण्याचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. २००८ मध्ये स्ट्रेयर यांच्याच गटाने तो तपासला. चालकाने मित्राशी गप्पा मारत हायवेवरून जायचं आणि ठरलेल्या विश्रांतिस्थळाच्या फाट्याला बाहेर पडायचं. मित्र शेजारी असताना बहुतेकांनी फाटा बरोबर घेतला. तोच मित्र फोनवर असताना जवळपास निम्मे चालक पुढे निघून गेले. शेजारच्याला समोरचा ट्रक दिसत असतो. तो वाक्य अर्ध्यात तोडतो, 'अरे, हळू' म्हणतो, फाटा आला की सांगतो. फोनवरच्याला यातलं काही दिसत नाही. उलट तुम्ही दोन सेकंद गप्प बसलात की 'हॅलो, हॅलो, ऐकू येतंय ना?' सुरू. नेमकं जिथे गप्प बसायची गरज असते तिथेच तो तुम्हाला बोलायला लावतो.

रेडिओचंही अनेकजण विचारतात. नुसत्या ऐकण्याने प्रयोगांत फारसा फरक पडलेला नाही. रेडिओला उत्तर द्यावं लागत नाही, आणि कान बंद केला तरी त्याला राग येत नाही.

गिअरबॉक्स

पाव सेकंदाची दुरुस्ती मान्य. धाग्यात तोच आकडा धरून चाला.

नवशिक्यांना हे शब्दांनी पटत नाही, म्हणून एक चाचणी सांगतो. ती चालकाच्या सीटवर करायची नाही, शेजारच्या सीटवर करायची. गाडी तिसऱ्याने चालवायची. नेहमीच्या रस्त्याचा पाच मिनिटांचा टप्पा निवडा. शेजारी बसलेल्याने बाहेर दिसणारा प्रत्येक वाहतूक फलक, प्रत्येक गतिरोधक आणि रस्ता ओलांडणारा प्रत्येक माणूस बोटाने टिचकी मारून दाखवायचा, मागच्या सीटवरच्याने त्या मोजायच्या. मग तोच टप्पा पुन्हा, आता त्याला फोनवर कोणीतरी कामाचं विचारायचं: घराचा हप्ता किती, किती वर्षं राहिली, व्याज अर्ध्या टक्क्याने वाढलं तर काय होईल. तयार उत्तरं चालणार नाहीत, डोक्यात हिशोब करावा लागेल असेच प्रश्न हवेत. पाठ केलेल्या 'हो, बरं, ठीक' वर काही दिसत नाही.

दुसऱ्या फेरीत रस्ता ओलांडणारी माणसं वेगळी असतात, त्यामुळे टिचक्या थेट जुळवू नका. मागच्या सीटवरच्याने जे दिसलं पण टिचकी पडली नाही ते दोन्ही फेऱ्यांत मोजायचं. गतिरोधक आधी सुटतात, कारण त्यांची सवय झालेली असते.

कलम१८४

कायद्याचं थोडक्यात, कारण यावर गैरसमज फार.

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने (लागू १ सप्टेंबर २०१९ पासून) हातात धरायच्या संपर्कसाधनाचा वापर हे धोकादायक ड्रायव्हिंगचं उदाहरण म्हणून स्पष्ट घातलं गेलं. पहिल्यांदा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलात तर कैद दोन वर्षांपर्यंत, किंवा दंड १०,०००, किंवा दोन्ही. चलनावर येते ती तडजोडीची रक्कम (खटला न चालवता प्रकरण मिटवायची), ती राज्य ठरवतं. म्हणून 'एवढाच तर दंड आहे' असं लोकांना वाटतं.

दंडापेक्षा जड गोष्ट परवान्याची आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम २१ मध्ये फोनवर बोलणं हे परवाना निलंबनाचं कारण आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना किमान तीन महिने निलंबन करायला सांगितलं होतं. ज्यांचं पोट गाडीवर आहे त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

१ ऑक्टोबर २०२० पासून नियमात एक सवलत आहे: रस्ता शोधण्यासाठी फोन वापरता येतो, पण चालकाचं चित्त विचलित होणार नाही अशाच रीतीने. होल्डरमध्ये नकाशा चालू असणं यात बसतं. धावत्या गाडीत हातात घेऊन पत्ता टाइप करणं बसत नाही.

ब्लूटूथचं काय? कलमात 'हातात धरायचं साधन' असे शब्द आहेत, म्हणून ब्लूटूथवर सहसा चलन फाटत नाही. पण अपघातात कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१) लागतं, हयगयीने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत कैद. (जुन्या दंड संहितेच्या ३०४-अ मध्ये ही मर्यादा दोन वर्षं होती.) तिथे प्रश्न फोन हातात होता का हा नसतो, सावधपणे चालवत होतात का हा असतो. मोबाईल कंपनीकडून कॉलची नोंद मागवता येते, तीत सुरू झालेली वेळ सेकंदासकट असते. हँड्स-फ्री ही तिथे ढाल ठरत नाही.

आणखी एक. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात फोनमुळे म्हणून नोंदलेली दोन टक्क्यांच्या आसपास. हा आकडा दाखवून 'फोन हे छोटं कारण' म्हणणाऱ्यांनी नोंद कशी होते ते लक्षात घ्यावं. पंचनाम्यात घसरल्याच्या खुणा येतात, चालक बोलत होता की नाही हे येत नाही. जीव गेला नसेल तर कॉलची नोंद मागवण्यापर्यंत तपास क्वचितच जातो. बराचसा फोन 'अतिवेग' या रकान्याखाली गाडला जातो.

लेस्टरकर

इकडचं सांगते. ब्रिटनमध्ये हातातल्या फोनवर बंदी १ डिसेंबर २००३ पासून आहे, पण कायदा 'संभाषणासाठी वापर' असा होता. फोटो काढला, गाणं बदललं तर लोक सुटायचे. २५ मार्च २०२२ पासून ती पळवाट बुजवली. आता फोन हातात घेऊन स्क्रीन उजळवली तरी गुन्हा, सिग्नलला उभे असलात तरीही. २०० पौंड दंड आणि परवान्यावर ६ दंडगुण. नवा परवाना असलेल्याचा पहिल्या दोन वर्षांत ६ गुणांवर परवानाच रद्द होतो, म्हणजे एकदाच सापडलं की संपलं. ९९९ ला तातडीचा फोन आणि थांबलेल्या गाडीतून फोनने पैसे देणं अशा मोजक्याच गोष्टींना सूट. हँड्स-फ्रीला बंदी नाही, पण गाडीवर नीट ताबा नव्हता असं पोलिसांना दिसलं तर खटला होतो.

खोपोली_एक्झिट

मालवाहतुकीच्या ताफ्याच्या बाजूने लिहितो. चालकाला नियम सांगून उपयोग होत नाही, कारण फोन चालक करत नाही, ऑफिस करतं. 'कुठे पोचलास?' हा दिवसातला सगळ्यात घातक प्रश्न आहे. जीपीएस लावलेल्या गाडीला तो विचारायची गरजच नसते, तरी विचारला जातो.

चालणारी पद्धत अशी: डिस्पॅचवाल्याने आधी स्क्रीनवर गाडीचा वेग बघायचा. शून्य नसेल तर फोन लावायचा नाही. फारच गरज असेल तर एकदाच रिंग द्यायची आणि ठेवायची. ती खूण, चालकाने पुढच्या थांब्यावरून उलट फोन करायचा. चुकून फोन उचलला गेलाच तर पहिलं वाक्य 'गाडी चालू आहे का?' आणि उत्तर हो आलं की ऑफिसने ठेवायचा, चालकाने नाही. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. साहेबाचा फोन ठेवायची हिंमत चालकाला होत नाही.

आणि कृपा करून 'बाजूला घेऊन बोला' हा सल्ला मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर देऊ नका. तिथे बिघाड किंवा आणीबाणीशिवाय कडेला थांबायचंच नसतं. कडेला उभ्या गाडीला मागून ट्रक धडकणं हा तिथला नेहमीचा प्राणघातक प्रकार आहे, आणि बोर घाटाच्या उतारावर ब्रेक तापलेल्या कंटेनरला तुम्ही उभे आहात हे कळून उपयोग नसतो. फूड मॉल किंवा एक्झिट येईपर्यंत फोन वाजू द्या. ताशी १०० ने दहा किलोमीटरला सहा मिनिटं लागतात. सहा मिनिटांनी काही बिघडत नाही.

दुचाकी_सातारा

दुचाकीवर तर 'बोलायचंच नाही' याला पर्याय नाही. हेल्मेटमध्ये कानापाशी फोन खुपसणारे रोज दिसतात. तो फोन आतल्या पॅडिंगची जागा खातो, पट्टा सैल ठेवावा लागतो, आणि पडल्यावर गालाचं हाड आणि डांबर यांच्यामध्ये फोनची काच येते. मान वाकडी करून खांद्यात फोन धरणाऱ्याला एका बाजूचा आरसा दिसतच नाही. शिवाय हँडलवर खांद्याचा ताण येतो आणि गाडी त्याच बाजूला ओढते.

नकाशासाठी हँडलवर होल्डर लावत असाल तर कंप शोषणारा रबरी डॅम्पर घ्या. मोटरसायकलच्या इंजिनाच्या सततच्या कंपाने कॅमेऱ्याची स्थिरीकरण यंत्रणा खराब होऊ शकते असं ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच जाहीर केलं होतं. त्याहून बरं म्हणजे फोन खिशात आणि एका कानात नकाशाचा आवाज, दुसरा कान हॉर्नसाठी मोकळा. पुढचं वळण कळण्यासाठी स्क्रीन लागत नाही.

गिअरबॉक्स

चारचाकीत होल्डर कुठे, याचंही सांगून टाकतो, कारण चुकीच्या जागी लावलेले फार दिसतात. काचेच्या मधोमध वर लावला तर तो नेमका डावीकडून येणारा पादचारी झाकतो. डॅशबोर्डवर शेजारच्या सीटसमोर एअरबॅगचं झाकण असतं, तिथे चिकटवलेला होल्डर एअरबॅग उघडताना गोळीसारखा सुटतो. बरी जागा म्हणजे स्टिअरिंगलगतचं एसीचं जाळीदार तोंड, बॉनेटच्या रेषेखाली, हात न लांबवता पोचेल असं. पत्ता इंजिन सुरू करण्याआधी टाका. आवाजी आज्ञांवरही फार विसंबू नका: अमेरिकेतल्या २०१५ च्या चाचण्यांत काही यंत्रणांना आज्ञा दिल्यावर लक्ष पूर्ण परत यायला २७ सेकंदांपर्यंत लागले. ताशी ४० ने ते ३०० मीटर होतात.

ॲपवर चालणाऱ्या टॅक्सीवाल्यांची अडचण खरी आहे. भाडं स्वीकारायला काही सेकंदच मिळतात, आणि तेही धावत्या गाडीत. तो दोष चालकाचा नाही, ॲपच्या रचनेचा आहे. गाडी थांबेपर्यंत नवं भाडं दाखवायचंच नाही, हे कंपन्यांना तांत्रिकदृष्ट्या सहज शक्य आहे आणि ते सक्तीचं व्हायला हवं.

मधुरा_म

सगळं पटलं. पण घरी आई-बाबा वयस्कर. फोन उचलला नाही की ते घाबरतात आणि लावतच राहतात. त्यावर काही उपाय?

निरभ्र

आहे, पण नीट लावावा लागतो. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये 'फोकस' या सोयीत 'ड्रायव्हिंग' आहे. गाडी चालू झाली की ते सूचना अडवतं आणि मेसेज पाठवणाऱ्याला 'गाडी चालवत आहे' असं उत्तर आपोआप देतं. मेख अशी की फोन गाडीच्या ब्लूटूथला जोडलेला असेल तर कॉल नेहमीसारखे येतात. म्हणून गाडीच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये 'मीडिया' चालू आणि 'फोन' बंद करता येतं का ते बघा, बऱ्याच गाड्यांत येतं. अँड्रॉइडमध्ये कंपनीगणिक जागा बदलते, सेटिंग्जच्या शोधात 'ड्रायव्हिंग' टाकलं की सापडतं.

डू नॉट डिस्टर्बमध्ये 'पुन्हा आलेला कॉल' ही सोय असते: तोच माणूस आयफोनवर तीन मिनिटांत, अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांत परत लावेल तर रिंग वाजते. तुमचे आई-बाबा लावत राहतात म्हणता, तर ही सोय त्यांच्याबाबतीत दर वेळी वाजणार. ती बंद करा. त्याऐवजी निघताना नकाशातून प्रवासाची माहिती शेअर करा, पोचायची वेळ त्यांच्या स्क्रीनवर दिसत राहते. त्यांच्याकडे साधा फोन असेल तर निघताना वेळ अर्ध्या तासाने वाढवूनच सांगा. साडेसातला पोचणार असाल तर आठ सांगा. आठपर्यंत ते फोन करत नाहीत.

मधुरा_म

अर्धा तास वाढवून सांगायचं सुचलंच नव्हतं. ब्लूटूथमधलं 'फोन' आत्ताच बंद केलं, मीडिया चालू राहतंय.